नसलेली चाळीस मिनिटं

३ मे

साडूबुवा,

नमस्कार करायची इच्छा नाही, पण थोरली शेजारी बसली आहे म्हणून करतो. नमस्कार.

काल कारखान्याचं पार्सल आलं. सूनबाईंनी फोडलं, कारण मला आता कात्रीही देत नाहीत. आत मनगटी घड्याळ. निरोपाची भेट म्हणे. अडतीस वर्षं सूत रंगवणाऱ्या माणसाला निरोप पोस्टानं, आणि घड्याळ बिनकाट्यांचं! शुभेच्छांची चिठ्ठी तुमच्या अक्षरात. खाली सही सुपरवायझर म्हणून. साडू म्हणूनसुद्धा नाही.

घड्याळ परत पाठवतो आहे. जखमेवर मीठ चोळायचं होतं तर मीठच पाठवायचं, स्वस्त पडलं असतं.

फोन केला असता, पण तुम्ही मध्येच बोलता आणि धाकटी स्पीकर लावून ऐकते. लिहिलेलं कोणी मध्ये तोडत नाही.

काट्यांचं घड्याळ चांगलं का, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत. तुम्ही मॅट्रिक, मी चौथी. भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवलंत आणि लाल आकड्यांची पेटी ठोकलीत. तर आता ऐका. आपल्या शेडमध्ये चार हौद. चारांत चार रंग, प्रत्येकाची वेळ निराळी, पण तासाच्या आतली. सुताच्या लडी हौदात उतरल्या की मी बाकावर चढायचो आणि घड्याळाच्या काचेवर मेणखडूनं ठिपका द्यायचो. मोठा काटा जिथे पोचल्यावर लडी बाहेर काढायच्या, तिथे. निळ्या हौदाचा निळा ठिपका, लालचा लाल. मग गणित नको, वही नको. मान वर केली की दिसायचं, कुठला हौद जवळ आला आणि कुठल्याला अजून अवकाश आहे. वाफेतून दिसायचं, चष्मा नसताना दिसायचं. संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्यानं काच पुसायची की दिवस संपला.

तुमच्या पेटीवर ठिपका कुठे देऊ? ती आत्ता किती वाजले तेवढं सांगते. किती झालं आणि किती उरलं, त्याबद्दल तोंडात मिठाची गुळणी. मला बोटांवर मोजावं लागायचं. सत्तेचाळीसपासून साठपर्यंत, मग पुन्हा एकपासून.

आणि मग ती अकरा फेब्रुवारी. नेव्ही ब्ल्यूच्या लडी काळ्याठिक्कर निघाल्या. मालकांच्या केबिनमध्ये चारचौघांसमोर तुम्ही म्हणालात, "चाळीस मिनिटं जास्त ठेवलंत. चाळीस! वय झालं आता तुमचं." हातात कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटरपुढे मी काय बोलणार? निवृत्तीच्या कागदावर सही केली आणि घरी आलो.

तेव्हापासून मी विसरणारा माणूस झालो. तुम्ही धाकटीला सांगितलंत, धाकटीनं थोरलीला, थोरलीनं मुलाला, मुलानं सूनबाईंना. त्याच आठवड्यात आम्हाला इथे मुलाकडे आणलं. गॅसचा लायटर कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. बाहेर निघालो की खिशात पत्त्याची चिठ्ठी कोंबतात. स्वतःच्या हातचा चहा पिऊन तीन महिने होत आले. आता मलाच माझा भरवसा वाटत नाही. नळ बंद केला का ते बघून येतो, आणि खुर्चीत बसल्यावर आठवत नाही की बघितलं, की नुसतं बघायचं ठरवलं.

तुम्हाला हे सुखाचं जाऊ नये, एवढीच इच्छा.

थोरलीचा नवरा

ता. क. घड्याळाबरोबरचं पुस्तकही परत केलं आहे. छप्पन्न पानं आहेत. वेळ बघायला छप्पन्न पानं!


९ मे

आदरणीय साडूबुवा यांस,

पत्र मिळाले. राग समजू शकतो. वयाबरोबर तो वाढतो, असे मीही वाचले आहे.

घड्याळ आणि पुस्तिका पुन्हा पाठवत आहे. कारखान्याने दिलेली भेट परत घेण्याची पद्धत नाही. त्यात तारीख दिसते, अंधारात दिवा लागतो आणि मुख्य म्हणजे गजर आहे. एकदा लावला की रोज त्याच वेळी आपोआप वाजतो. तुमच्यासारख्यांना औषधाच्या वेळेसाठी फार उपयोगी. कृती पान एकोणीसवर आहे. सूनबाईंना वाचायला सांगा, तुम्ही खटपट करू नका.

मेणखडूचा जमाना गेला, साडूबुवा. मी लडी घातल्याची वेळ आकड्यांत लिहितो, काढल्याची आकड्यांत लिहितो आणि वजाबाकी यंत्र करते. शंकेला जागाच उरत नाही. तुम्ही चाळीस मिनिटे विसरलात असे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात. मी तर रजिस्टरमध्ये 'निष्काळजीपणा' लिहिणार होतो. नाते आठवले म्हणून 'विस्मरण' लिहिले. त्याबद्दल खरे तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत.

एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा. यात लाजण्यासारखे काही नाही.

तुमचा हितचिंतक साडू


१६ मे

साडूबुवा,

तुमचं ऐकलं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मुलगा एका बाजूला, थोरली दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. पकडून आणलेल्या चोरासारखा.

बाईंनी वार विचारला, सांगितला. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. म्हटलं, ते मला चौथीतही जमत नव्हतं. त्या हसल्या. मग कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "आजोबा, एक घड्याळ काढा. आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." विसरणाऱ्या माणसांची म्हणे हीच परीक्षा असते. ज्याचं डोकं हलतं, त्याच्या घड्याळातले आकडे एका बाजूला घसरतात, काटे भलतीकडे जातात.

मी आपल्या शेडमधलं घड्याळ काढलं. बारा आकडे, मधली मिनिटांची रेघ न् रेघ, लहान काटा अकराच्या थोडा पुढे, कारण दहा मिनिटं झाली की तो सरकलेला असतो. हात थांबेना म्हणून काचेवर चार ठिपकेही दिले. बाईंनी विचारलं, "हे ठिपके कसले?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा नीट आहे. पण त्या दिवशी नक्की काय झालं होतं, ते कारखान्यातून लिहून आणा. घातल्याची वेळ, काढल्याची वेळ, सगळं. मग बघू."

तेवढी रजिस्टरमधली ओळ उतरवून पाठवा. मी भांडायला मागत नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. लायटर ठेवला तो कप्पा मी रोज बघतो. मला त्या दिवशीचं सगळं आठवतं, नाही आठवत ती फक्त ती चाळीस मिनिटं. माणसाची चाळीस मिनिटं अशी कुठे जातात?

थोरलीचा नवरा


२२ मे

आदरणीय साडूबुवा यांस,

तुम्ही डॉक्टरांकडे गेलात हे वाचून बरे वाटले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले.

नोंद जशीच्या तशी उतरवून देत आहे:

"११ फेब्रुवारी. हौद तीन, नेव्ही ब्ल्यू. लडी घातल्या १०.४७. काढल्या ११.३५. एकूण ८८ मिनिटे. ठरलेली वेळ ४८ मिनिटे. ४० मिनिटे जादा. कारण: कामगाराचे विस्मरण."

या दोन्ही वेळा तुम्ही मला हाक मारून सांगितल्या होत्या आणि मी समोर लिहिल्या होत्या. त्यामुळे त्याबद्दल वाद नसावा. डॉक्टरांना हे दाखवा आणि औषध सांगतील ते घ्या. चित्रे सगळ्यांनाच काढता येतात. आकडे वेगळी गोष्ट आहे.

तुमचा साडू


१ जून

प्रिय साडूबुवा,

नोंद मिळाली. किती सुबक अक्षर! आमच्या चौथीच्या गुरुजींनी पाहिलं असतं तर तुम्हाला फळ्यावर लिहायला लावलं असतं.

मी आता राग सोडला आहे. तुम्ही पाठवलेलं घड्याळही ठेवून घेतलं. शिकावं म्हणतो. एकच अडचण आहे. ही वजाबाकी कॅल्क्युलेटरवर कशी करतात, ते मला कळत नाही. सूनबाईंना विचारायला लाज वाटते. तुम्ही स्वतःच्या हातानं, कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर, असं त्याच दिवसाच्या आकड्यांवर लिहून पाठवाल का? म्हणजे माझं डोकं कुठे कमी पडलं ते मला कायमचं समजेल.

आणि हो, ही युक्ती तुम्ही फक्त हौदांना वापरता की कामगारांच्या येण्याजाण्यालाही? सहज विचारलं.

धाकटीला आशीर्वाद.

तुमचा थोरला साडू


८ जून

आदरणीय साडूबुवा यांस,

पत्र वाचून समाधान झाले. शिकण्याला वय नसते.

कृती अगदी सोपी आहे. आधी काढल्याची वेळ दाबायची: ११.३५. मग वजाचे चिन्ह. मग घातल्याची वेळ: १०.४७. मग बरोबरचे चिन्ह. उत्तर येते ०.८८, म्हणजे अठ्ठ्याऐंशी मिनिटे. डावीकडे आकडा आला तर तितके तास, उजवीकडे आला तर तितकी मिनिटे. पाहा, दोन सेकंदांचे काम! माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही.

कामगारांची हजेरीही गेले वर्षभर मी याच पद्धतीने काढतो. उदाहरण देतो. लडी सोडवणाऱ्या बायकांपैकी एक रोज उशीर करते. वेळ ७.४५ ची, बाई येते ८.०५ ला. वजा केले की ०.६०. साठ मिनिटे उशीर! अर्धी रजा लावली की रडते, म्हणते एवढा उशीर झालाच नाही. मी यंत्र दाखवतो, मग गप्प बसते.

हे पत्र जपून ठेवा, सरावाला उपयोगी पडेल.

तुमचा साडू


१५ जून

साडू,

पत्र जपून ठेवलं आहे. त्याच्या तीन झेरॉक्सही काढल्या.

आता मी कसा शिकलो ते ऐका. तुमची नोंद आली त्या दिवशी मी थोरलीच्या ट्रंकेतून चावीचं गजराचं घड्याळ काढलं. या घरातलं काट्यांचं तेवढं एकच, बाकी सगळीकडे नुसते आकडे चमकत असतात. मागचा खुंटा फिरवून काटे दहा सत्तेचाळीसवर आणले. मग हळूहळू फिरवत अकरा पस्तीसवर नेले. मोठा काटा निघाला नऊच्या जरा पुढून आणि येऊन थांबला सातवर.

एक फेरी पुरी झाली नाही, साडू! एक फेरी म्हणजे साठ मिनिटं, हे पहिलीतल्या पोराला कळतं. काट्यानं साधी एक फेरी मारली नाही, मग अठ्ठ्याऐंशी मिनिटं आली कुठून?

पुन्हा फिरवले. मिनिटांच्या रेघा मोजल्या. अठ्ठेचाळीस. मला वाटलं, माझंच डोकं चुकतंय. तिसऱ्यांदा मोजल्या, अठ्ठेचाळीस. मग थोरलीला बोलावलं आणि म्हटलं, तू फिरव आणि तू मोज. तिनं मोजलं. स्टुलावर चढली, वरच्या कप्प्यातून लायटर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि तोंड फिरवून आत गेली. त्या दिवशी चहा मी केला. साखर जास्त पडली. तरी दोघांनी प्यायला.

म्हणजे मी लडी ठरल्या मिनिटाला काढल्या होत्या. बोटांवर मोजून, बरोबर. तुमच्या यंत्राच्या तासात शंभर मिनिटं असतात, आमच्या घड्याळाच्या तासात साठ. मधली चाळीस तुम्ही हवेतून काढलीत आणि माझ्या डोक्यावर फोडलीत. ती बाई वीस मिनिटं उशिरा यायची, तिच्याही डोक्यावर चाळीस. वर्षभर किती जणांच्या डोक्यावर किती फोडली असतील, ते तुमचं तुम्ही मोजा. कॅल्क्युलेटरवर नको.

आणि शेडमध्ये कोणाच्याच का लक्षात आलं नाही, माहीत आहे? भिंतीवर काटे नव्हते. काट्यांचं घड्याळ असतं तर तुम्ही 'अठ्ठ्याऐंशी' म्हणताच मागच्या रांगेतली बाई ओरडली असती, "अहो, काटा अजून फिरून तरी आलाय का?" आकड्यांकडे बघून कोणी ओरडत नाही. म्हणूनच तुम्हाला ते आवडतात.

आता माझ्या अटी. एक, जुनं घड्याळ गोदामातून काढून होतं त्या खिळ्यावर लावायचं. दोन, अकरा जुलैला, पाच महिने पुरे होतात त्या दिवशी, सगळ्या पाळीसमोर तुमची ती नोंद आणि आठ जूनचं पत्र तुमच्या तोंडानं मोठ्यानं वाचायचं. तीन, त्याच दिवशी दहा सत्तेचाळीसला त्या घड्याळासमोर उभं राहायचं, अकरा पस्तीसपर्यंत. अठ्ठेचाळीस मिनिटं. ती झाली की बसायचं नाही. आणखी चाळीस उभं राहायचं. ती माझी आहेत. मला ती परत हवीत.

नाहीतर एक झेरॉक्स मालकांना, एक कामगारांच्या फलकावर, आणि एक त्या उशिरा येणाऱ्या बाईच्या हातात. तिचा नवरा हमाल आहे असं ऐकतो.

थोरलीचा नवरा


२७ जून

साडू,

बारा दिवस झाले. उत्तर नाही. धाकटीचा फोन आला होता, म्हणाली तुमचं ब्लड प्रेशर वाढलंय. माझं साडेचार महिने वाढलेलं आहे, तिला सांगा.

मालकांचा पत्ता पाठ आहे. विसरलेलो नाही.

थोरलीचा नवरा


३० जून

साडूबुवा,

मालकांना मी स्वतःच सांगितले. त्यांनी कागदावर घड्याळ काढून पाहिले आणि ते म्हणाले, "त्यांना बोलावून घ्या." वर्षभराची हजेरी पुन्हा तपासायला काढली आहे. जुने घड्याळ ॲसिडच्या पिंपांमागे सापडले. काच शाबूत आहे. किल्ली दिली, चालू झाले.

अकरा तारखेला या. तुम्ही म्हणता तसे करीन. फक्त एक विनंती आहे. चाळीस मिनिटे बसून चालणार नाहीत का? गुडघ्यांचे तुम्हाला माहीत आहे.

साडू


३ जुलै

साडू,

बसून चालणार नाहीत.

थोरलीचा नवरा


१३ जुलै

साडूबुवा,

झाले तुमच्या मनासारखे. पाय अजून सुजलेले आहेत. पलंगावर पडून लिहितो आहे.

तुम्ही बाकावर चढलात, काचेवर सातपाशी निळा ठिपका दिलात आणि तीनपाशी लाल, तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या. ते मी सहन केले. निळ्या ठिपक्याला काटा लागला आणि ती नेहमी उशिरा येणारी बाईच म्हणाली, "आजोबा, बसू द्या आता त्यांना, पाय लटपटतायत." तुम्ही म्हणालात, "लाल ठिपका लांब आहे अजून." मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, काट्याकडे पाहत होता.

ती पुढची चाळीस मिनिटे मीही काट्याकडे पाहिले. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. एक गोष्ट कबूल करतो. आकडा बदलतो तेव्हा तो एकदम बदलतो, आधी काही कळत नाही. काटा मात्र येताना दिसतो. किती सोसले आणि किती उरले, हे समोर दिसत राहते. त्याच्यासमोर खोटे बोलून उभे राहणे कठीण आहे.

आता आपला हिशेब मिटला आहे, म्हणून मनातले सांगून मोकळा होतो. गणितात मी खरोखर चुकलो, लबाडी केली नाही. पण लडी काळ्या का झाल्या, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. रंगाची पूड हौदात मी टाकतो. त्या दिवशी टाकली, कोणीतरी फोनवर बोलावले, परत आलो आणि पुन्हा एकदा टाकली. संध्याकाळी टेबलाखाली दोन रिकामे डबे दिसले. दुपारी केबिनमध्ये अठ्ठ्याऐंशी आकडा दाखवला होता, तेव्हा तो मला खराच वाटला होता. संध्याकाळी तो खरा असावा, अशी मी प्रार्थना केली. डबे उचलून टाकले आणि गप्प बसलो. विसरलो मी होतो, साडूबुवा. तुम्ही नव्हे.

हे आजवर कोणाला सांगितलेले नाही, धाकटीलाही नाही. तुम्हीही मनात ठेवाल, असा विश्वास आहे. माझ्या निवृत्तीला पाचच महिने राहिले आहेत.

तुमचा साडू


१८ जुलै

साडू,

पत्र तीन वेळा वाचलं.

तुम्हाला वाटलं, हिशेब मिटला. गणिताच्या चुकीचा तेवढा मिटला. लाल ठिपक्याला काटा लागला, तेव्हा मीच हात धरून तुम्हाला बसवलं आणि पाणी दिलं. चुकीला तेवढी शिक्षा पुरे. पण ही नुसती चूक नाही. पाच महिने तुम्ही हे लपवलंत. मी लायटर मागत होतो आणि तुम्हाला माहीत होतं. मी डॉक्टरीणबाईंसमोर घड्याळ काढत होतो आणि तुम्हाला माहीत होतं. माझं डोकं गेलं या भीतीनं मी नळ बघायला चार चार वेळा उठत होतो, तेव्हा तुम्ही मला पान एकोणीस सूनबाईंकडून वाचून घ्यायला सांगत होता. चाळीस मिनिटं फिटली. पाच महिने राहिले.

तुमचं पत्र थोरलीला वाचायला दिलं. ती चष्मा लावून दारात बसली आणि दोनदा वाचून उठली. धाकटीला फोन केला. धाकटीसारखाच स्पीकर लावून, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. धाकटी आधी रडली, मग म्हणाली, "ताई, गॅसची मला आता भीतीच वाटते गं. हे सुट्टीच्या दिवशी एकटे घरात असतात ना दुपारचे." थोरली म्हणाली, "लायटर वरच्या कप्प्यात ठेव. आमच्याकडे तसंच केलं होतं." मी मध्ये बोललो नाही.

खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायला हरकत करू नका. चार दिवस टोचते, मग सवय होते.

मालकांना दोन डब्यांचं अजून सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते तुमच्यावर आहे. मालकांनी मला महिन्यातून एक आठवडा शेडमध्ये ठिपके शिकवायला बोलावलं आहे. समोर खुर्ची टाकून बसेन, त्यामुळे मला सगळं दिसेल.

या पत्राबरोबर निरोपाच्या भेटीचं ते घड्याळ पाठवतो आहे. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मनगटावरून काढायचं नाही. काढलेलं दिसलं की तुमचं तेरा तारखेचं पत्र मालकांच्या टेबलावर जाईल. तुम्ही म्हणाला होता तसा त्यात गजर आहे, एकदा लावला की रोज त्याच वेळी आपोआप वाजतो. मी चष्मा लावून, कोणाला न विचारता लावला. दहा सत्तेचाळीस. आवाज मोठा आहे, चारही हौदांवर ऐकू जाईल. बायकांना मी सांगून ठेवलं आहे की तो कशाचा.

बंद कसा करायचा, ते पुस्तकात पान वीसवर आहे. पुस्तक मी ठेवून घेतलं आहे.

थोरलीचा नवरा